लिस्बनच्या वहीतला जन्म



सावंतवाडीतल्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांच्या पत्रात विषय होता परदेशी नागरिकत्वाचा. हा विषय निघाला की आपल्याला न्यू जर्सी नाही तर मेलबर्न आठवते. तिथली रीत आपल्याला तोंडपाठ आहे, कारण घरातले किंवा शेजारचे कुणी तरी त्यातून गेलेले असते. अमेरिकेत ग्रीन कार्डावर साधारण पाच वर्षे काढायची, मग अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखत, इंग्रजीची आणि तिथल्या इतिहासाची परीक्षा, आणि शेवटी हात वर करून शपथ. जुन्या देशावरची निष्ठा सोडतो असे त्या शपथेत स्वच्छ म्हणावे लागते. कुणाचा आवाज तिथे अडखळतो, कुणी भराभर म्हणून मोकळा होतो. यावर दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. त्यात मी भर घालणार नाही.

मी म्हापशाला वकिली करतो. माझ्या टेबलावर ज्या नागरिकत्वाची कागदपत्रे येतात त्यात बहुतेक वेळा शपथ नसते, परीक्षा नसते, त्या देशात एक दिवसही राहिल्याचा पुरावा मागितला जात नाही. मागितला जातो तो जन्माचा दाखला, तोही बहुधा बापाचा किंवा आजोबांचा. मी गोव्यातल्या माणसाच्या पोर्तुगीज पासपोर्टाबद्दल बोलतो आहे. तुम्हा सावंतवाडीकरांना हा विषय परका नाही. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या तुमच्या बाजूला आहे, रेडीला लागून; पण तिथे जन्मलेल्या माणसाची नोंद पोर्तुगीज वहीत झाली आणि रेडीत जन्मलेल्याची ब्रिटिश मुलखातल्या दप्तरात. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला नसता, तर पेडण्यातल्या आजच्या तरुणाला लिस्बनशी काही देणेघेणे उरले नसते. अठराव्या शतकातल्या एका व्यवहारावर एकविसाव्या शतकात कुणाला युरोपात नोकरी करता येईल हे ठरते आहे. आणि बाळंतपण माहेरी होण्याच्या आपल्या रीतीमुळे तर एकाच घरात गंमत होते. थोरला मुलगा आजोळी सावंतवाडीत जन्मलेला, धाकटा पेडण्यात. धाकट्याचा जन्म थेट पोर्तुगीज भूमीवरचा; थोरल्याला मात्र बापाच्या नोंदीचा आधार घेऊन पुढे जावे लागते.

हे कसे झाले ते सांगतो. कायद्याची भाषा थोडी सहन करा.

पोर्तुगालच्या दृष्टीने गोवा ही वसाहत नव्हती, तो पोर्तुगालचा भाग होता. तिथे जन्मलेला माणूस जन्माने पोर्तुगीज. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातल्या हिंदूंनाही बरोबरीचे हक्क मिळाले, आणि काही वर्षांत जन्म-मृत्यूची मुलकी नोंद सर्व धर्मांना लागू झाली. त्याआधीचा ख्रिस्ती जन्म शोधायचा तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या बघाव्या लागतात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने हे मानले नाही. हुकूमशहा सालाझारची राजवट आणि तिचा वारसा संपेपर्यंत, म्हणजे एप्रिल १९७४ च्या क्रांतीपर्यंत, लिस्बनच्या कागदावर गोवा पोर्तुगीजच होता. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत तह झाला. पोर्तुगालतर्फे मारियो सोआरेश यांनी सही केली आणि भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांनी. दोघेही तेव्हा आपापल्या देशाचे परराष्ट्रमंत्री होते. गोव्यासह भारतातले पोर्तुगीज प्रदेश ज्या तारखांना भारतात आले त्या तारखांपासून भारताचे सार्वभौमत्व मान्य, असे पोर्तुगालने कबूल केले.

जमिनीचा प्रश्न असा मिटला. माणसांचा मिटला नाही. १९७५ साली आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा तिथल्या बहुसंख्य लोकांचे पोर्तुगीज नागरिकत्व काढून घेणारा हुकूम लिस्बनने काढला. तो गोव्याला लागू केला नाही. त्यामुळे मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस त्यांच्या कायद्याने पोर्तुगीज राहिला, आणि १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने त्याच्या मुलांनाही दार उघडे राहिले. त्यांनी फक्त आपला जन्म पोर्तुगीज नोंदवहीत घालून घ्यायचा. एकदा घातला की ते नागरिकत्व नोंदीच्या दिवसापासून धरत नाहीत, जन्मापासून धरतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ त्यावरच आहे.

आता इकडची बाजू. मुक्तीनंतर तीन महिन्यांनी, २८ मार्च १९६२ ला, भारत सरकारने गोवा, दमण आणि दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. जो स्वतः, किंवा ज्याचे आईबाप वा आजी-आजोबांपैकी कुणी, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले असेल तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. अर्ज नाही, शपथ नाही. ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवावे. लाखो माणसांना असे घरबसल्या नवे नागरिकत्व मिळाले. कुणाला ते नवे वाटले नाही हा भाग वेगळा, कारण मनाने बहुतेक जण आधीपासून इकडचेच होते. पण कायद्याच्या दृष्टीने बघा: गोव्याच्या माणसाने आपल्या हयातीत दोन देशांचे नागरिकत्व न मागता मिळवले आणि दोन्ही देशांनी ते एकमेकांना न विचारता दिले.

महिन्याभराच्या त्या मुदतीत नकार देणारेही निघाले. त्यातले मोन्सिन्योर रेमेदियुश मोंतेरो यांचे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. या धर्मगुरूंनी पोर्तुगीजच राहतो असे लिहून दिले. मग ते परदेशी म्हणून नोंदले गेले, त्यांना तात्पुरता परवाना मिळाला आणि त्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली. त्यांनी वाढवून मागितला नाही. देश सोडा म्हटले, तर सोडला नाही. परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला. गोवा हा लष्करी ताब्यातला प्रदेश आहे, जिनिव्हा करार मला लागू आहेत, मला माझ्या गावातून घालवता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. गोवा भारतात विलीन झाला, ताबा वगैरे काही उरलेला नाही, असा निकाल लागला. निकाल बरोबर होता असे मला वाटते. तरीही त्या फाईलपुढे मी प्रत्येक वेळी थोडा थांबतो, कारण इतका प्रामाणिक पोर्तुगीज नागरिक त्यानंतर माझ्या पाहण्यात नाही. त्याने नागरिकत्व निवडले, त्याची किंमत मोजली आणि लपवले काहीच नाही.

आज जे पोर्तुगीज पासपोर्ट काढतात त्यांना पोर्तुगालचे प्रेम आहे म्हणून काढत नाहीत. हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण घाटावर आणि इथेही मला विचारतात, 'गोव्याच्या लोकांना अजून पोर्तुगीज हवेत का हो?' माझ्याकडे येणाऱ्या दहा तरुणांतल्या नऊ जणांना पोर्तुगीजचे चार शब्द येत नाहीत आणि लिस्बन त्यांना एका विमानतळापुरते ठाऊक असते. त्यांना हवे असते इंग्लंडमधले स्विंडन, साउथॉल, वेंब्ली. दीवचे लोक लेस्टरला. १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि पुढे युरोपीय संघात नागरिकांना कुठेही राहायची, कुठेही काम करायची मुभा मिळाली; तेव्हापासून त्या जुन्या वहीतल्या ओळीला भाव आला. गोव्याचा तारवटी, म्हणजे खलाशी, पिढ्यान् पिढ्या बोटीवर गेला, कराचीला गेला, नैरोबीला गेला, मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत, पथारी टाकून राहिला. स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करणारा हा त्याचाच नातू. आजोबाला समुद्राने नेले, नातवाला दप्तराने.

इंग्लंडने युरोपीय संघ सोडला तेव्हा आमच्या म्हापशात जेवढी चर्चा झाली तेवढी दिल्लीत झाली नसेल. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणाचा काळ संपला. त्याआधी जे तिथे राहत होते त्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून हक्क टिकवायचा होता. त्यानंतर नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडमध्ये जाऊन राहता येत नाही. आता पोरे आयर्लंड, जर्मनी, फ्रान्सकडे बघतात. आणि काहींना, पासपोर्ट हातात येईपर्यंत, ज्यासाठी काढला ते दारच बंद झालेले आढळले.

कागदांची वाट फार विलक्षण आहे, थोडी तुम्हाला चालवून दाखवतो. पहिले पाऊल म्हणजे पोर्तुगीज काळातल्या नोंदीची पूर्ण नक्कल. आमच्याकडे तिला 'तेओर' म्हणतात. जुन्या वहीतले हस्ताक्षर वळणदार, भाषा पोर्तुगीज, आणि कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले. प्रभूचा झाला पोरोबो, कामतांचा कामोतिम, शंकरचा शेंकोर. हाच माणूस मुक्तीनंतर मराठी शाळेत गेला, तिथल्या दाखल्यावर शंकर विठ्ठल प्रभू. मुंबईला नोकरी लागली, तिथे एस. व्ही. प्रभू. तिन्ही एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रे, कधी कोर्टाचा हुकूम. मग आईबापांच्या लग्नाची नोंद. लग्न देवळात झाले आणि मुलकी वहीत सही करायला गेलेच नाहीत, असे जोडपे असले की सगळे अडते. साठ वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद करायला काठी टेकत आलेली जोडपी मी पाहिली आहेत. आजी लाजते, आजोबा चिडतात, आणि नातू मागे मोबाईलवर वेळ बघत उभा. नंतर सगळ्याचे पोर्तुगीज भाषांतर, परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि पुढे लिस्बनचे मध्यवर्ती नोंदणी कार्यालय. तिथे आधी बापाचा जन्म चढतो, मग लग्न, मग मुलाचा जन्म. मग ओळखपत्र. मग पासपोर्ट. मडगावात, पणजीत या कामाचे दलाल आहेत. काही सरळ, काही नाहीत. खोटे दाखले चिकटवून दिल्याची प्रकरणेही होतात आणि तिथे बळी जातो तो बहुतेक वेळा गिऱ्हाईक, दलाल नव्हे.

या वाटेवर भारतीय नागरिकत्व नेमके कुठे सुटते? राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम एकच गोष्ट सांगतात: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपले. आपल्या नियमांत अशी तरतूद आहे की परदेशाचा पासपोर्ट काढलेला असणे हाच स्वेच्छेचा निर्णायक पुरावा. १९६२ साली इजहार अहमद खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उचलून धरला. तो वाद पाकिस्तानी पासपोर्टांचा होता. म्हणजे पासपोर्ट काढला की प्रश्न मिटला. माझ्याकडच्या निम्म्या लोकांचा प्रश्न त्याआधीचा असतो. पासपोर्ट काढलेला नाही, नुसती लिस्बनला जन्माची नोंद झाली आहे. लिस्बन म्हणते, तू जन्मापासूनच आमचा, आम्ही फक्त लिहून घेतले. मग त्याने 'स्वेच्छेने घेतले' काय? आणि ज्याची नोंद तो शाळेत असताना बापाने केली, त्याची इच्छा कुठली धरायची? कायदा म्हणतो, हा निर्णय केंद्र सरकारने चौकशी करून द्यायचा. चौकशी वर्षानुवर्षे चालते. तोवर माणूस मतदार यादीत असतो आणि नसतोही. पंचायतीला उभा राहिला की प्रतिस्पर्धी त्याची लिस्बनची नोंद शोधून काढतो. एरवी कुणाला तिची आठवण नसते.

पासपोर्ट घेतलेल्यांनी भारताचा पासपोर्ट परत करायचा, तसा दाखला घ्यायचा, आणि मग ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्डासाठी अर्ज करायचा, असा क्रम आहे. पण काहींचा भारतीय पासपोर्ट सरकारने आधीच रद्द केला, पोर्तुगीज नोंद लपवून तो वापरला म्हणून. परत करायला पासपोर्टच नाही, म्हणून परत केल्याचा दाखला नाही, म्हणून कार्ड नाही. आपल्याच घरी व्हिसा काढून यायचे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हा विषय गोव्यात प्रचारसभांतून गाजला. कार्ड मिळाले तरी ते नागरिकत्व नव्हे, नाव काहीही असो. मत नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियु कोश्ता यांना जानेवारी २०१७ मध्ये बंगळूरला हेच कार्ड समारंभाने दिले. त्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे. गोव्याच्या रक्ताचा माणूस लिस्बनला पंतप्रधान झाला याचा आम्हाला आनंदच झाला. त्याच कार्डासाठी सासष्टीतली एखादी विधवा खेपा घालते, तिचा फोटो कुणी काढत नाही.

आता देशद्रोहाबद्दल. हा शब्द गोव्यात या संदर्भात वारंवार फेकला जातो, म्हणून मी मोहन रानडे यांचे नाव घेतो. सांगलीचा हा माणूस मराठी शिक्षक म्हणून गोव्यात गेला, मुक्तीसाठी लढला, १९५५ साली पकडला गेला आणि गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात राहिला. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये. त्यासाठी सुधीर फडक्यांनी किती धावपळ केली हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. ज्या पिढीने लिस्बन असे पाहिले, तिला पोर्तुगीज पासपोर्टाची रांग बघून राग आला तर मी त्या रागाचा मान राखतो. पण त्या पिढीचे नाव घेऊन जे आज भाषणे ठोकतात त्यांचा नाही. त्यांच्यातल्या कित्येकांची मुले टोरांटोत शपथ घेऊन मोकळी झाली आहेत आणि तिथे त्याला प्रगती म्हणतात. कॅनडाची शपथ प्रगती आणि पोर्तुगालची नोंद गद्दारी, हा हिशेब मला कळत नाही. पोट भरायला माणूस जातो. कोकणाला हे शिकवायला नको.

मात्र माझ्या अशिलांनाही मी सोडत नाही. ते म्हणतात, 'सायबा, कागद तर आहे, मन हंगाच.' मन इथेच आहे हे मान्य. पण राज्य मनावर चालत नाही, मतावर चालते. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. तुमच्यातल्या काहींना तो निकाल अजून रुचलेला नसेल, माझ्या वडिलांनाही रुचला नव्हता. पण त्या दिवशी गोव्याच्या माणसाकडे मत होते, म्हणून त्याचे म्हणणे मोजले गेले. आज विधानसभेचे ४० मतदारसंघ आहेत, एकेकात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. काही शे मतांनी निकाल फिरतात. ज्या गावांतून माणसे सगळ्यात जास्त गेली, त्याच गावांत डोंगर कापण्याचे, शेत बुजवण्याचे, बांधकामाचे वाद सगळ्यात तीव्र आहेत. ग्रामसभेत हात वर करायला घरात उरली आहे सत्तरीतली आई. मुलगा व्हॉट्सॲपवर डोंगराचा फोटो टाकून हळहळतो. भायल्यांनी, म्हणजे बाहेरच्यांनी, गाव घेतला म्हणून तक्रार करताना त्याने हेही सांगावे की त्याचे मत कुठे गेले. पासपोर्ट ही कमाई आहे, पण ती अदलाबदलीतली कमाई आहे, आणि देऊन टाकलेल्या वस्तूची किंमत कुठल्याच दलालाच्या दरपत्रकात लिहिलेली नसते.

उलट दिशेचे एक उदाहरण सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पणजीत एका वृद्ध गृहस्थांना भारतीय नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले. मुक्तीच्या आधी ते शिकायला कराचीला गेले, तिथले नागरिक झाले, आखातात नोकरी केली आणि म्हातारपणी गोव्यात परतले. नव्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तानातल्या ख्रिस्ती लोकांना जागा आहे, म्हणून हे जमले. पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले नसते तर १९६२ च्या आदेशाने ते कवडी न खर्चता नागरिक ठरले असते.

माझी सूचना साधी आहे आणि ती दुहेरी नागरिकत्वाची नाही. ते संसदेने दिलेले नाही आणि मला त्याची ओढही नाही. १९६२ साली सरकारने महिन्याभराची मुदत देऊन विचारले होते: कुणाचे व्हायचे ते सांगा. तेच आता पुन्हा विचारावे. ज्यांची लिस्बनला फक्त जन्मनोंद आहे आणि ज्यांनी पासपोर्ट काढलेला नाही, त्यांना सहा महिने द्यावे. त्यात त्यांनी एक तर भारताचेच राहतो असे जाहीर करून पोर्तुगीज नागरिकत्व सोडण्याचा अर्ज तिकडे दाखल करावा, किंवा इकडचे नागरिकत्व सरळ परत करून कार्ड घ्यावे. मुले असताना ज्यांची नोंद झाली त्यांना अठरा वर्षांनंतर हीच संधी मिळावी. यावर आक्षेप येतो की लोक मुदतीत खोटे सांगतील. आजही सांगतातच, कारण खरे सांगण्याची सोयच ठेवलेली नाही. खरे सांगणाऱ्याचा पासपोर्ट जातो आणि गप्प बसणाऱ्याचा राहतो. चौकशी दिल्लीला न पाठवता गोव्यातच व्हावी, जुनी पोर्तुगीज नोंद वाचता येणारा माणूस तिथे बसवावा, कारण शेंकोर आणि शंकर एकच हे कळायला तेवढे पुरते. अर्जाचा नमुना मराठी आणि कोकणीत असावा. नोंद झालेल्यांमध्ये कित्येक म्हाताऱ्या अशा आहेत की त्या गोव्याबाहेर कधी गेल्या नाहीत आणि जाणार नाहीत. नातवाचा कागद पुढे सरकावा एवढ्यासाठी त्यांनी अंगठा उठवला होता, आणि आपले मत पणाला लागले हे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही.